गुत्ता देण्याआधी मालाचा हिशेब लिहा

घरबांधणीच्या कामात नफा जातो कुठे, हा प्रश्न आपल्या लहान गुत्तेदार बंधूंना नेहमी पडतो. गवंडी, सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा, गिलावा करणारा अशा चार-पाच पोटगुत्तेदारांत काम वाटले जाते. मजुरी त्यांची, माल मुख्य गुत्तेदाराचा. दर चौरस फुटावर ठरतो. साहजिकच काम लवकर उरकण्यात त्यांचा फायदा असतो. सिमेंट सांडले तर त्यांचे काहीच जात नाही. नासाडीचे मूळ या तोंडी ठरावातच आहे.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याला या बाबतीत मोठा अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर, उस्मानाबाद व शेजारच्या जिल्ह्यांत जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती घरमालकांनीच करून घेतली. मदतीचे हप्ते कामाचा टप्पा पाहून मिळत. हीच शिस्त लहान गुत्त्यालाही लावता येते.

पहिली गोष्ट, करार लेखी असावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे. किती कामाला किती पोती सिमेंट, किती ब्रास वाळू आणि किती घट धरायची, हे आधीच लिहावे. टप्पा मोजल्यावरच पुढचा हप्ता द्यावा.

दुसरी, सळई कापण्यापूर्वी तुकड्यांची यादी करावी. 12 मीटरच्या सळईतून साडेतीन मीटरचे तीन तुकडे निघतात आणि दीड मीटर उरते, म्हणजे आठवा हिस्सा. त्याच जाडीच्या रिंगा लागणार असतील तर त्या या उरलेल्यातून काढाव्यात. एरवी तो भंगारात जातो.

तिसरी, पाणी घातलेला मसाला अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा.

चौथी, ठरलेल्या घटीपेक्षा माल वाचला तर त्या किमतीतला हिस्सा पोटगुत्तेदाराला द्यावा. नासाडीच्या नावाखाली मजुराची मजुरी मनमानीने कापणे मात्र जुलूम आहे.

एक इशारा देणे आवश्यक आहे. मसाल्यात सिमेंट कमी घालणे ही सरळ खियानत आहे. मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी 1993 मध्ये काय केले, हे सास्तूरच्या लोकांना सांगायला नको. इस्राफ टाळावा, पण घरात राहणाऱ्यांचा जीवही आपल्याकडे अमानत आहे, हे विसरू नये. अल्लाह अशा कमाईत बरकत देवो.