शाळा, महाविद्यालये आणि लोकशाहीचा सराव

लोकशाही म्हणजे मतदान, अशी आपल्या समाजातील पुष्कळांची समजूत आहे. पाच वर्षांतून एकदा रांगेत उभे राहावे, बोटाला शाई लावून घ्यावी आणि घरी यावे, की लोकशाहीचे काम संपले, असे मानणारे सुशिक्षितही आम्ही पाहतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही समजूत मान्य नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले होते की, राजकारणात आपण समान होऊ, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर मोठ्या कष्टाने उभारलेली ही इमारत टिकणार नाही. पुढे २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकील मंडळींपुढे बोलताना लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी अगोदर असाव्या लागतात, याची त्यांनी मांडणी केली. समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायदा व कारभार सर्वांना सारखा असावा, संविधानिक नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये, समाज नीतिमान असावा आणि दुसऱ्यावरील अन्याय पाहून चीड येणारी सार्वजनिक विवेकबुद्धी जागी असावी.

या मांडणीकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यातील बऱ्याच गोष्टी नुसता कायदा करून येत नाहीत. दुसऱ्याचे ऐकून घेणे, मत हरले तरी सभा न मोडणे, आपल्यावर नव्हे तर शेजाऱ्यावर अन्याय झाला तरी उठून बोलणे, या सवयी आहेत. सवय लहानपणीच लागते. आणि मूल घराबाहेर पडून पहिल्यांदा परक्यांच्या शेजारी बसते, ती जागा म्हणजे शाळा होय. म्हणून नागरिकशास्त्राच्या पुस्तकात काय छापले आहे यापेक्षा शाळा कशी चालते, याला आम्ही अधिक महत्त्व देतो.

या बाबतीत आपल्याला बाहेरून धडे घेण्याचे कारण नाही. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीची आठवण करून दिली होती. विनयपिटकात हे सारे तपशिलाने आले आहे. संघापुढे ठराव मांडायचा तर आधी ‘ञत्ति’ म्हणजे सूचना द्यावी लागे. महत्त्वाच्या कामी ती सूचना एकदा व घोषणा तीनदा होई, म्हणजे ज्याला विरोध करायचा त्याला तीन वेळा संधी मिळे. किती भिक्खू हजर असले म्हणजे सभा ग्राह्य, याचे नियम होते. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्यामार्फत पाठवू शके. मतभेद मिटला नाही तर ‘सलाका’ म्हणजे लाकडी शलाका वाटून मते मोजली जात, आणि हे काम कोणाकडे द्यावे? जो आवड, द्वेष, मोह व भय या चार कारणांनी झुकत नाही, त्याच्याकडे. आजच्या मतमोजणी अधिकाऱ्याची निवडही याहून चांगल्या कसोटीवर होत असेल असे आम्हांस वाटत नाही! येथे लक्षात घ्यायचे ते असे की, संघ हे शिक्षणाचे ठिकाण होते. धम्म शिकणे आणि सभा चालविणे, ही दोन्ही कामे एकाच छपराखाली होत.

आता शाळेचे दार बंद असले म्हणजे काय होते, ते पाहू. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारकडे आला. सरकारने उत्तर दिले त्याचा आशय असा, की न्याय मुलाच्या बाजूला आहे हे खरे, परंतु एका मुलासाठी इतरांचे पूर्वग्रह दुखावले तर शाळेचाच उपयोग संपेल. पुढे १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांस खुल्या असल्या पाहिजेत, असे कळविले. तरी व्यवहारात आपली मुले कित्येक दशके व्हरांड्यातच बसली. बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात या धारवाड प्रकरणाचा दाखला दिला आहे. धारवाडच्या वर्गात त्या दिवशी बसलेली बाकीची मुलेही काहीतरी शिकलीच असतील. आपण पुष्कळ असलो म्हणजे न्यायाची गरज नाही, हा तो धडा. त्या मुलाचे नुकसान आपण नेहमी सांगतो. या दुसऱ्या नुकसानीचा विचार फारसा होत नाही. याच्या उलट उदाहरण साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तेथे काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एका पंक्तीला जेवत. तेथे समतेवर व्याख्यान देण्याची वेगळी गरज नव्हती.

बाबासाहेबांनी मात्र याच्याही पुढे पाऊल टाकले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून वर्ग सकाळी भरत. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट होती. देशाचे कायदामंत्री असताना, १९५० च्या आरंभी, बाबासाहेब याच विद्यार्थी पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या विधेयकावर दिल्लीत रण माजले होते, ते विधेयक मुंबईतील गिरणगावातून, चाळींतून आलेल्या तरुणांपुढे मांडावे असे त्यांना वाटले, यावरून महाविद्यालयाकडून त्यांची अपेक्षा काय होती ते कळते.

१९५० सालीच त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. नावाचा अर्थ विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. मिलिंद हा ग्रीक राजा. भंते नागसेनांना प्रश्न विचारणारा. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात चर्चेला बसण्यापूर्वी नागसेन एक अट घालतात. राजा पंडितांप्रमाणे वाद करणार असेल तर आपण बोलू, राजांप्रमाणे करणार असेल तर नाही. फरक विचारल्यावर ते सांगतात की, पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत धरतो आणि जो विरुद्ध बोलेल त्याला दंड करतो. मिलिंदाने अट मान्य केली. वर्गात शिक्षकाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘खाली बस’ म्हणणारे गुरुजी, घरात मुलीला ‘तुला काय कळते’ म्हणणारा बाप आणि सभेत माइक हिसकावणारा कार्यकर्ता, हे सारे राजवादच करतात. आपल्या संस्थांच्या सभांतही हे घडते, हे लपविण्यात अर्थ नाही.

आता महाविद्यालयांच्या आजच्या स्थितीकडे वळू. महाराष्ट्रात विद्यार्थी संघटनांच्या निवडणुकांत मारामाऱ्या व हिंसाचार झाला, त्यामुळे खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यान्वये गुणवत्तेवर वर्ग प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. ज्याला गुण जास्त, तो प्रतिनिधी. अभ्यासात हुशार असणे आणि इतरांच्या वतीने बोलता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा येथे विसर पडला. शिवाय विसंगती अशी की, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून अठरा वर्षांच्या तरुणाला खासदार निवडण्याचा अधिकार मिळालेला होता, पण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा नाही. २००६ साली लिंगडोह समितीने खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा व छापील भित्तिपत्रकांना बंदी सुचवून मार्ग काढला. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. परंतु २०१९ साली वेळापत्रक जाहीर होऊनही ते पुढे ढकलण्यात आले.

हिंसाचाराचे कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही डोकी फुटतात. म्हणून कोणी दहावीचे गुण पाहून सरपंच नेमा असे म्हणत नाही. सराव बंद केला तर खेळाडू कोठून येणार? ज्यांच्या घरात पिढीजात पुढारपण आहे त्यांची मुले ते घरीच शिकतात. नुकसान होते ते ज्यांच्या घरात कधी कोणी सभापती झाला नाही, त्यांचे.

हे सर्व कारेगावच्या वाचकांसाठी का लिहावे? रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आपले गाव पूर्वीचे राहिलेले नाही. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अनेकांचे मतदान अजून मूळ गावी आहे, ग्रामसभेत त्यांना कोणी ओळखत नाही. मात्र त्यांची मुले ज्या शाळेत जातात, तेथे त्यांना बसण्याचा कायदेशीर हक्क आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या असल्या पाहिजेत. शाळेचे काम कसे चालते ते पाहणे, शाळा विकास आराखडा तयार करणे, अनुदान कोठे खर्च झाले यावर लक्ष ठेवणे, ही समितीची कामे. अनुदानित खाजगी शाळांत ही समिती केवळ सल्ला देते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला पूर्ण अधिकार आहेत. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. तेथे पालकांचा संघ असतो, पण त्याचा संबंध मुख्यतः शुल्काशी. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने आपण मुलांना अशा शाळेत घालतो, तेव्हा फी भरतो आणि हा हक्क सोडून देतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. मूल कोठे घालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा.

समिती कागदावर नीट असते. अडचण सभेच्या वेळेची आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा ठेवली तर पहिल्या पाळीचा कामगार येऊ शकत नाही, आणि रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो. कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा पगार जातो. आणि मग सही घरी आणून घेतली जाते. यासाठी भांडणाची गरज नाही. सभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावी, सूचना आठ दिवस आधी शाळेच्या फलकावर लावावी आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे, एवढ्या तीन मागण्यांचा अर्ज पालकांनी मुख्याध्यापकांकडे द्यावा व त्याची पोच घ्यावी. अर्ज महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून लिहून घ्यावा. त्यांनाही तेवढाच सराव होईल. आणि अर्जावर आईचीही सही असावी, कारण निम्म्या जागा तिच्याच आहेत.