युद्ध संपले, सारा मात्र तोच!

जबलपूरच्या सराफ्यात लग्नसराईच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. आज येथला व्यवहार सोन्याचांदीच्या दागिन्यांचा आहे, पण सराफाचे मूळ काम नाणी पारखण्याचे. दोनशे वर्षांपूर्वी नर्मदाखोऱ्यात नागपुरी रुपया चाले, सागरच्या टाकसाळीतला बाळाशाही रुपयाही चाले. प्रत्येकातील चांदी वेगळी, म्हणून सराफ बट्टा कापून नाणी बदलून देत. राज्य उलटले की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राही, आता सारा कोणाकडे भरायचा आणि किती?

जबलपूरचे राज्य उलटायला फारसा वेळ लागला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरला सीताबर्डीवर भोसल्यांचा पराभव झाला. १९ डिसेंबरला जनरल हार्डीमन यांच्या फौजेने जबलपूर घेतले आणि जानेवारी १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांनी नर्मदेकाठचा हा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. कागदावर तह झाला, पण शांतता काही आली नाही. पुढे अप्पासाहेबांनाच कैद करून अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामातून ते शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडला, तेव्हा कुठे तोफा थंडावल्या.

लढणाऱ्यांचे काय करायचे, हाही पेच होताच. पेंढाऱ्यांचा सरदार करीमखान शरण आला. त्याला दूर गोरखपूरकडे जमीन देऊन शेतीला बसवले. चित्तू शरण आला नाही. असीरगडच्या आसपासच्या जंगलात तो वाघाच्या तोंडी सापडला.

विधवांचा लिलाव

भोसल्यांकडे हा प्रदेश जेमतेम वीस वर्षे होता. ती सगळी वर्षे लढायांची, त्यामुळे खजिना कायम रिकामा. पैसा उभा करण्यासाठी काय काय चालले, ते आज वाचवत नाही. विधवांची विक्री करून रक्कम सरकारात जमा करायची. कोणी घर किंवा मुलगी विकली, तर किमतीचा चौथा हिस्सा सरकारचा! या नोंदी विजेत्या इंग्रजांच्या गॅझेटियरमधल्या आहेत, हे ध्यानात ठेवले तरी मराठी माणसाने त्यांच्याकडे डोळेझाक करू नये.

नव्या सरकारने असले प्रकार बंद केले. १८२० मध्ये सागर-नर्मदा प्रदेशाची वेगळी व्यवस्था लागली. सागरच्या टाकसाळीचे अधिकारी प्रेसग्रेव्ह यांनी तर १८२८ ते १८३० या काळात सागरजवळ बेवस नदीवर लोखंडी झुलता पूल उभारला. लोखंड स्थानिक भट्ट्यांतले आणि कारागीरही येथलेच. उभारणी म्हणतात ती अशी!

शेतसाऱ्याच्या बाबतीत मात्र साहेबांची अक्कल गहाण पडली. आकारणी ठरवताना त्यांनी पेशवे-भोसल्यांच्या अखेरच्या काळातले वाढीव आकडे पुढे धरले. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत खोऱ्यात लष्कराचे तळ होते. शिपायांना पीठ लागे, घोड्यांना आणि बैलांना दाणा लागे, म्हणून धान्याला भाव चढलेला होता. फौजा परतल्या आणि गहू उतरला. म्हणजे शांतता आली म्हणून शेतकऱ्याच्या हाती कमी पैसा येऊ लागला, पण सारा लढाईच्या दिवसांतलाच राहिला! गावोगावचे मालगुजार सावकाराच्या दारात उभे राहिले, शेते ओसाड पडू लागली. दर पाच वर्षांनी नवा करार होई, पण ओझे फारसे हलके होत नसे. १८३४ च्या सुमारास बर्ड नावाचे अधिकारी येथे पाहणीला आले. त्यांच्या शिफारशीनंतर कुठे सारा कमी होऊन वीस वर्षांचा बंदोबस्त सुरू झाला.

ठगांच्या मुलांचे गालिचे

याच काळात जबलपुरात आणखी एक प्रयोग झाला. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन येथलेच अधिकारी. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलेबाळे यांचे पुढे काय? त्यांच्यासाठी १८३७ मध्ये उद्योगशाळा निघाली. तेथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू तयार होऊ लागले. गळफासाचा रुमाल वापरणाऱ्यांची मुले मागावर बसली.

ठगांच्या मुलांना काम मिळाले, पण जुन्या जमीनदारांच्या घरातली अस्वस्थता कोणी फारशी ओळखली नाही. दिवाणी न्यायालये कर्जापोटी हुकूमनामे काढीत आणि पिढ्यान्‌पिढ्या मान असलेल्या बुंदेला ठाकुरांवर जप्ती येई. १८४२ मध्ये सागर जिल्ह्यातील नरहटचे मधुकरशाह आणि चंद्रापूरचे जवाहिरसिंह यांच्यावर असेच हुकूमनामे बजावले गेले. त्यांनी शस्त्रे उचलली. बंड नर्मदेपर्यंत पसरले, गोंड सरदारही त्यात उतरले, गावे लुटली गेली. मधुकरशाहांना सागरला फाशी झाली. १८४३ मध्ये गव्हर्नर जनरल एलेनबरो यांनी येथली सारी प्रशासनव्यवस्था मोडीत काढली आणि नवी घडी बसवायला पुन्हा स्लीमन यांनाच पाठवले. जबलपूरच्या लढाईला तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.