खण उलटा केल्यावर

सकाळी साडेसात

आज गिरगावात जायचं आहे. चाळ पुनर्विकासात चालली आहे, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत आणि पणजोबांच्या वेळचं सामान तीन भावंडांत वाटायचं आहे. एक शिसवी लिहायचं टेबल, चार वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, शिवाय एक कपाट. थोरल्या भावाने फोनवर एवढंच विचारलं होतं, "ताई, टेबल विम्ब्रिजचं आहे का, तेवढं सांगा."

मुंबईत जुन्या शिसवी फर्निचरचा विषय निघाला की हे नाव निघतंच. एडवर्ड विम्ब्रिज हा इंग्रज वास्तुरचनाकार 1879 च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर मुंबईला उतरला. त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीशी त्याचं पुढच्याच वर्षी बिनसलं. तो इथेच राहिला आणि फर्निचरच्या धंद्यात त्याने चांगलं बस्तान बसवलं. 'विम्ब्रिज अँड कंपनी, मुंबई' असा शिक्का असलेली वस्तू लिलावात आली की बोली वाढते. त्यामुळे नक्षीदार शिसवी टेबल दिसलं की ते विम्ब्रिजचं, असं म्हणायची सवय लागली आहे.

पिशवीत टॉर्च, भिंग, दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा, मऊ ब्रश, टेप, अतिनील दिवा आणि वही. बस्स.

सव्वानऊ

दारातच कळलं की काल पॉलिशवाला येऊन गेला. नमुना म्हणून टेबलाच्या एका पायाला त्याने मेलामाईन मारलंय आणि उद्या सगळं टेबल घासायला घेणार आहे. आधी त्याला फोन करून थांबवायला लावलं. घासायच्या मशीनखाली दीडशे वर्षांची माहिती अर्ध्या तासात भुसा होऊन खाली पडते, आणि ती परत मिळत नाही.

घरातल्या आजी खिडकीशी बसल्या होत्या. त्या या भावंडांच्या आत्या. काम सुरू करण्याआधी मी नेहमी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाशी बोलून घेते.

"आजी, हे टेबल पहिल्यापासून याच खोलीत होतं?"

"नाही गं. आधी आमच्या आजोबांच्या कचेरीत होतं. साहेब विलायतेला परत चालला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतलं. विलायतेहूनच आलेलं ते."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच सांगायचे की! आणि आजोबांच्या वहीत लिहिलेलं आहे. मोडीत आहे, आता कोण वाचतंय."

वही निघाली. माझं मोडी जेमतेम आहे, म्हणून पानाचा फोटो मोडी शिकवणाऱ्या एका सरांना पाठवला आणि टेबलाकडे वळले.

पावणेदहा

माझ्या कामाचा जीव या दोन तासांत असतो.

समोरून टेबल देखणं आहे. कडेला वेलबुट्टी, पायाशी सिंहाचे पंजे. पण दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी केलेली असते. तिथे सुतार त्या काळात जे खपतं तेच कोरतो. मागची पाठ, खणांचा तळ, फळीची आतली बाजू ही कुणी बघणार नाही या भरवशावर केलेली असते, म्हणून ती खरं बोलते.

टेबलाला दोन बाजूंना तीन-तीन खण आणि मधे एक रुंद खण. सगळे बाहेर काढून जमिनीवर उलटे मांडले. दर्शनी लाकूड काळा शिसव, पण खणांच्या बाजू आणि तळ अस्सल साग. विलायतेचा प्रश्न इथेच सुटायला लागतो. इंग्लंडमधला कारागीर खणाच्या आतल्या बाजूला पाइन किंवा ओक वापरायचा, कारण तिथे तेच हाताशी असायचं. दिसणार नाही अशा जागी सढळ हाताने साग वापरायची चैन मुंबईच्या सुताराला परवडायची.

मग करवतीच्या खुणा. तळाच्या फळीवर सरळ, किंचित वाकड्यातिकड्या रेघा आहेत. इंग्रजी पुस्तकं सांगतात की सरळ रेघा म्हणजे हाताची करवत आणि गोल कमानी म्हणजे यंत्राचं फिरतं पातं, तेव्हा सरळ रेघांची वस्तू जुनी. इकडे हा नियम लावणाऱ्यांनी बऱ्याच वस्तूंच्या वयात पन्नास-पन्नास वर्षं जादा घातली आहेत. आपल्याकडे दोघांनी ओढायची करवत विसाव्या शतकातही चालू होती. सरळ रेघ कापणाऱ्याचा हात दाखवते, साल सांगत नाही.

सालाला स्क्रू जास्त उपयोगी पडतो. मागच्या फळीचा एक स्क्रू हलक्या हाताने काढला. टोकदार निघाला. टोकदार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत 1846 मध्ये झालं, आणि बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड अँड चेंबरलेनने 1854 मध्ये त्याचे हक्क घेऊन ते इंग्लंडात बनवायला सुरुवात केली. त्याआधीच्या स्क्रूंची टोकं बोथट असतात. भोक मूळचंच आहे, मोठं केलेलं किंवा बुजवलेलं नाही, म्हणजे टेबल 1854 च्या अलीकडचं. मधल्या खणाच्या कुलपावर मुकुट आणि व्ही. आर. ही अक्षरं आहेत, व्हिक्टोरिया राणीची. 1837 ते 1901 हा तिचा काळ. कुलपाभोवतीची खाच बरोबर त्याच मापाची आहे, म्हणजे ते मागून बसवलेलं नाही. तरी कुलपावरून फार मोठी उडी मारू नये. दुकानात जुना माल शिल्लक असतो आणि तो राणीनंतरही वापरला जातो.

मधल्या खणाच्या वरच्या कडेवर टॉर्च आडवा धरला. दोन इंच लांब आणि पाऊण इंच रुंद असा फिका आयत दिसला, दोन टोकांना लाखेने बुजवलेली दोन बारीक भोकं. इथे पाटी होती. पूर्वीच्या कुठल्याशा पॉलिशच्या वेळी ती काढली आणि परत लावली नाही. थोरल्या भावाचे डोळे चमकले, "मग विम्ब्रिजचीच असणार!" असेलही. पण तशी पाटी दुसऱ्या दुकानाची असू शकते, विकणाऱ्याची असू शकते, नुसती मालकाच्या नावाचीही असू शकते. पाटीच्या जागेवर नाव वाचता येत नाही.

शेवटी आरसा टेबलाच्या पोटात घातला. डावीकडचे खण ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांच्या कडेला शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. ब्रशने धूळ झाडली. शिरोरेघ नसलेलं एक अक्षर आणि पुढे आकडा. तिन्ही पट्ट्यांवर तेच अक्षर, पुढे एक, दोन, तीन. उजवीकडे दुसरं अक्षर, पुन्हा एक, दोन, तीन. गुजराती. डावीकडे 'डा', उजवीकडे 'ज'. डाबुं आणि जमणुं, म्हणजे डावं आणि उजवं. मराठी सुताराने उजवीकडे 'उ' लिहिला असता. खण तयार झाल्यावर कुठला कुठे बसवायचा याची अदलाबदल होऊ नये म्हणून कारागिराने स्वतःपुरती केलेली ही खूण आहे. खणांच्या पाठीवर तीच अक्षरं, त्याच हातची.

आजींना फोटो मोठा करून दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. "म्हणजे इथल्याच माणसाने केलंय हे," म्हणाल्या.

अतिनील दिव्याखाली जुना भाग नारिंगी दिसतो, म्हणजे चपड्याच्या लाखेचं पॉलिश अजून आहे. कालचा मेलामाईनचा पट्टा त्यात लगेच उठून दिसला. मागचा एक पाय कधीतरी फेविकॉलने चिकटवलाय, म्हणजे ती दुरुस्ती 1959 नंतरची. बाकीचे सांधे सरसाचे आणि अजून घट्ट.

बारा

खुर्च्यांचं काम सोपं, कारण त्यांना बोलायची सवय आहे. इराण्याच्या हॉटेलात आपण बसतो तशाच या खुर्च्या, वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड आणि वेताची बैठक. मिखाएल थोनेट या जर्मन सुताराने व्हिएन्नात जम बसवला आणि 1859 मध्ये त्याची 14 नंबरची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या, आणि म्हणूनच हा माल समुद्रापार आला. 1869 मध्ये त्याचे हक्क संपले आणि दुसरे कारखानदार तशाच खुर्च्या करू लागले. म्हणून दिसायला थोनेट असलेली प्रत्येक खुर्ची थोनेटची नसते.

उलट्या करून बैठकीच्या कड्याची आतली बाजू बघितली. तिघींवर कागदी लेबलाचे कपटे आहेत. एकीवरचं पुरेसं वाचता येतं: जे. अँड जे. कोन, खाली ऑस्ट्रिया. कोन म्हणजे थोनेटचे सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी. 1914 मध्ये ते मुंडुस कंपनीत गेले, म्हणजे या खुर्च्या पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या. चौथीवर लाकडात डागलेला शिक्का आहे, मेड इन चेकोस्लोव्हाकिया. तो देशच 1918 च्या ऑक्टोबरात जन्माला आला. एक खुर्ची मोडली असेल आणि तिच्या जागी ही आणली असेल. आजींना ते आठवत नाही. वेत विणणाऱ्याला सांगा, कड्याची आतली बाजू खरवडू नको. लेबलं तिथेच असतात आणि तिथेच जातात.

कपाट 1950 च्या पुढचं, प्लायवुडचं. पाच मिनिटं.

दुपारी एक

आजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना सरांचा निरोप आला. वहीत शके 1826 ची नोंद आहे, लिलावात शिसवी टेबल घेतल्याची. त्यात 78 मिळवले की 1904. आजींची लिलावाची हकीकत खरी ठरली. विलायतेहून आल्याची जोड मागून लागली असावी. घरातल्या गोष्टी अशाच असतात. त्या सरसकट उडवून लावू नयेत, एकेक तुकडा वेगळा करून तपासावा.

अडीच

टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या हे माझं नेहमीचं खाद्य. थॅकरची डिरेक्टरी 1885 पासून सगळ्या हिंदुस्थानची निघू लागली. त्यात मुंबईच्या पानांत फर्निचरवाल्यांची नावं, पत्ते, कधी जाहिराती मिळतात. एखादं दुकान कुठल्या साली दिसतं, पत्ता कधी बदलतो, कधी गायब होतं, यावरून पाटीचं साल ठरवता येतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने 1891 मध्ये मुंबईत दुकान काढलं. त्यांची मुंबईची पाटी असली तर त्याआधीची वस्तू असूच शकत नाही, हे एका फटक्यात कळतं.

पण आजच्या टेबलाला पाटीच नाही, आणि पेन्सिलीने 'डा' लिहिणारा माणूस या जाडजूड ग्रंथांत कुठेच सापडणार नाही. छापलंय ते दुकानदारांचं नाव. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून शिसवाच्या काळ्या, कठीण लाकडात वेल कोरणारे मिस्त्री त्यात नाहीत. जाणकार मंडळीसुद्धा 'मेकर कोण' असं विचारतात तेव्हा त्यांना दुकान विचारायचं असतं. माझं म्हणणं असं की पाटीवरचा विकणारा आणि खणाखालचा करणारा अशी दोन नावं शोधायला हवीत. पहिलं नाव मिळालं तर किंमत वाढते. दुसरं फार क्वचित मिळतं, पण त्याची खूण मिळाली तर तीच वस्तूची खरी ओळख.

साडेपाच

न्यू जर्सीहून एका ताईंचा व्हिडिओ कॉल, त्यांची सकाळ. पुण्याच्या घरातलं आजीचं कोरीव कपाट त्यांना तिकडे न्यायचंय. शंभर वर्षांवरची असली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ती वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून अलीकडची असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे साल ठरवणं हा इथे हौसेचा भाग नाही. त्यांना खणांचे, बिजागऱ्यांचे आणि पाठीचे फोटो मागितले. समोरून काढलेले डझनभर फोटो त्यांनी आधीच पाठवले होते. त्यांचा उपयोग नाही.

रात्री आठ

गिरगावचा अहवाल लिहिला. टेबल: काळा शिसव आणि साग, मुंबईत तयार झालेलं, 1854 नंतरचं आणि 1904 च्या आधीचं, कुलूप आणि कोरीवकाम बघता त्यातल्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांतलं बहुधा. कारागीर गुजराती लिहिणारा. दुकान: अज्ञात. विम्ब्रिजचं नाव लिहिलेलं नाही, कारण पुरावा नाही. खुर्च्या: तीन कोनच्या, एक चेकोस्लोव्हाकियाची. सोबत फोटो आणि वहीतल्या नोंदीचं वाचन.

थोरले भाऊ हिरमुसतील, वाटणीत टेबलाचा आकडा खाली येईल. पण धाकट्या बहिणीचा मघाशीच मेसेज आला की टेबल ती घेणार आहे, पॉलिश न करता.

वाचकांना एक विनंती आहे. घरात असं काही असेल तर पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी सगळे खण बाहेर काढून उलटे करा. तळाचे, पाठीचे आणि कुलपांचे फोटो घ्या. पाटी काढावीच लागली तर ती त्याच खणात पाकिटात घालून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला आजच विचारून, ती वस्तू कुठून आली ते तारखेसह लिहून ठेवा.