जरीकाठाची हॉली

लेकीनं इंग्लंडात घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात हौसेनं हॉलीची दोन रोपं लावली. दोन्ही ‘सिल्व्हर क्वीन’. गडद हिरवी काटेरी पानं आणि कडेनं चंदेरी काठ, जणू कुणी चोपून जर बसवली आहे. रोपं देणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं, ख्रिसमसला लाल फळांनी लगडतील. चार ख्रिसमस गेले, एक फळ दिसेना. पाचव्या वर्षी मे महिन्यात मी तिकडे होते. चष्मा लावून ती इवली पांढरी फुलं न्याहाळली आणि खुदकन हसले. ‘सिल्व्हर क्वीन’ नर आहे!

हॉलीत पपईसारखी नर झाडं वेगळी, मादी वेगळी. पण ज्यांनी या जातींची नावं ठेवली त्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडीच. ‘गोल्डन क्वीन’ नर. ‘गोल्डन किंग’ मादी, आणि फळंही धरते! हे राजेसाहेब १८८४ साली एडिंबरात, हिरव्या ‘हेंडरसोनी’ जातीच्या झाडाला अवचित फुटलेल्या एका सोनेरी काठाच्या फांदीतून जन्मले. पानांना काटे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर माझं मत यालाच.

हा काठ येतो कसा, हे मला कळलं तेव्हापासून मी या झाडाच्या प्रेमात आहे. फांदीच्या शेंड्यावर पेशींचे थर एकावर एक असतात. त्यातल्या एका थराला हरितद्रव्य बनवता येत नाही. पानाची कड त्या थरातून घडते आणि मधला भाग त्याखालच्या धडधाकट हिरव्या थरातून. म्हणजे एकाच सालीखाली दोन झाडं नांदत असतात. म्हणून बी पेरून काठ मिळत नाही, उन्हाळा सरताना फांदीच लावावी लागते. आणि म्हणूनच कधीतरी आतला हिरवा थर उसळी मारतो, एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. ती जोमदार, कारण अन्न जास्त बनवते. दया दाखवून ठेवलीत तर सगळं झाड गिळते. लेकीच्या शेजारच्या आजोबांनी ठेवली. आता तिथे साधी हिरवी हॉली आहे आणि कोपऱ्यात केविलवाणी एक सोनेरी डहाळी. अशी फांदी शेंड्यावरून खुडू नये, बुडापासून कापावी.

लंडनच्या क्यू उद्यानातला ‘हॉली वॉक’ मी दोनदा चालले. उद्यानाचे तेव्हाचे संचालक जोसेफ हूकर यांनी १८७४मध्ये तो एका जुन्या रस्त्याच्या वाटेवर आखला. तिथे ‘फेरॉक्स आर्जेन्शिया’ पाहिली. हिला पांढरा काठ तर आहेच, पण काटे कडेवर थांबत नाहीत, पानाच्या वरच्या अंगावरही उभे! अंगठ्यावर खूण घेऊन परतले.

हॉलीचं कुंपणही करतात. सतराव्या शतकातला बागवेडा लेखक जॉन एव्हलिन याच्या लंडनजवळच्या डेप्टफर्डमधल्या घराचं कुंपण साध्या हिरव्या हॉलीचं होतं: चारशे फूट लांब, नऊ फूट उंच, पाच फूट जाड. १६९८मध्ये रशियाचा झार पीटर त्या घरात भाड्यानं राहिला. हातगाडीत बसून तो त्या कुंपणात घुसायचा, अशी गोष्ट सांगतात. काट्यांचं काय झालं, झारचं काय झालं, ते गोष्टीत नाही.

लागवडीचं थोडक्यात: निचऱ्याची जमीन, रंगासाठी ऊन, रोपांत दोन फूट अंतर, छाटणी उन्हाळ्याच्या अखेरीस. वाढ संथ. मोठं झाड उपटून हलवू नये. फळं पक्ष्यांची, आपल्याला त्यानं उलट्या होतात. पडलेली पानं महिनोन् महिने टोचतात, तेव्हा खुरपताना हातमोजे हवेतच. आणि पुण्या-नगरच्या उन्हात हा हट्ट धरू नका, तिला थंडी लागते.

लेकीनं मग ‘हँड्सवर्थ न्यू सिल्व्हर’ आणली, ही खरी मादी. परागांना दोन ‘राण्या’ होत्याच. गेल्या डिसेंबरात बावीस फळं धरली, मी मोजली. नाताळाआधीच पक्ष्यांनी संपवली.