ओट्यावरचा कडप्पा आणि एर्रमलचे डोंगर

मराठी घरात ‘कडप्पा’ हा गावाचा नव्हे, दगडाचा शब्द आहे. स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा, भांड्यांच्या मांडणीची फळी कडप्प्याची, आणि मागच्या अंगणात शहाबादी फरशी. दोन्ही नावं मुळात गावांची, आणि दोन्ही दगड चुनखडकाचेच. त्यातलं शहाबाद गुलबर्ग्याजवळचं, जुन्या हैदराबाद संस्थानातलं, त्यामुळे इकडच्या मराठी मंडळींच्या ओळखीचं. कडप्पा मात्र ज्या डोंगरांतून येतो, ते डोंगर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असतात. हैदराबादहून सवातीनशे किलोमीटरच्या आत असूनही.

आंध्रातला नल्लमल आपल्याला माहीत असतो, तो श्रीशैलममुळे. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराज तिथं गेले होते, त्यामुळे तो मराठी इतिहासाच्या नकाशावर आहेच. या नल्लमलच्या पश्चिमेला, कुंदेरू नदीचं खोरं ओलांडलं की दुसरी, जरा बुटकी रांग लागते. तिचं नाव एर्रमल. तेलुगूत एर्र म्हणजे तांबडा आणि मल म्हणजे डोंगर. आजच्या नंद्याल, कर्नूल आणि कडप्पा जिल्ह्यांचा हा भाग. भटकंती, निसर्ग आणि गावांचा वारसा या तिन्ही गोष्टी इथं एकाच दगडाने बांधलेल्या आहेत. तो दगड समजून घेतला तर बाकीचं आपोआप उलगडतं.

गावांची नावं, थरांची नावं

सह्याद्रीत फिरणाऱ्याची नजर बेसॉल्टला सरावलेली असते. लाव्ह्याचे थर, उभे कडे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. एर्रमलचा हिशोब वेगळा. इथले खडक समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळाचे आहेत. वय पन्नास कोटी वर्षांपेक्षा जास्त, म्हणजे शंखशिंपल्यांचे प्राणी जन्माला येण्याच्या आधीचं. त्यामुळे या चुनखडकात शिंपले शोधत बसू नये, मिळणार नाहीत.

भूशास्त्रज्ञांनी या थरांना जी नावं दिली ती इथल्याच गावांची. सगळ्यात खाली बनगानपल्ले क्वार्ट्‌झाइट, त्यावर नरजी चुनखडक, मग औक शेल, मग पाण्यम क्वार्ट्‌झाइट, वर कोइलकुंट्ला चुनखडक आणि शेवटी नंद्याल शेल. एसटीच्या पाटीसारखीच यादी आहे ही. यातला पाण्यम क्वार्ट्‌झाइट फार कठीण. तो टोपीसारखा वर राहिला, म्हणून इथले कितीतरी डोंगर सपाट माथ्याचे आणि कड्याच्या कडेचे दिसतात. तळच्या बनगानपल्ले थरात गोटे मिसळलेला खडक आहे, त्यातून पूर्वी हिरे काढत. बनगानपल्ले हे लहानसं मुसलमानी संस्थान होतं, १९४८ मध्ये ते मद्रास प्रांतात विलीन झालं. हिरे संपले, नवाबी संपली, आंबा तेवढा नाव राखून आहे.

लिंबाचा डाग आणि बेलमची गुहा

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं आणि पुसायला उशीर झाला तर पांढुरका डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. कारण तो डाग नसतोच. आम्लाने तेवढा दगड खाल्लेला असतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर असं होत नाही.

गुहा तयार होते ती याच क्रियेनं, फक्त फार सावकाश. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि अगदी सौम्य आम्ल बनतं. चुनखडकाच्या फटींतून ते खाली उतरतं, भिंती विरघळवतं, फट रुंद करतं. रुंद फटीतून जास्त पाणी जातं, म्हणून ती आणखी रुंद होते. हजारो वर्षांनी तिचं भुयार होतं. पुढं पाण्याची पातळी खाली गेली की भुयार कोरडं पडतं आणि माणसाला आत जाता येतं. छतातून थेंब थेंब झिरपणारं पाणी वाटेत विरघळवलेला चुना परत सोडतं, त्याचे लोंबते खांब होतात.

कोलिमिगुंड्लाजवळचं बेलम हे याचं उत्तम उदाहरण. इथं डोंगर चढायचा नसतो. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखा खड्डा आहे, जिन्यानं त्यात उतरायचं. नाव ‘बिल’ या संस्कृत शब्दावरून आलेलं. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग पाहता येतो. सगळ्यात खोल जागेला पाताळगंगा म्हणतात. प्रवेशद्वारापासून सुमारे ४६ मीटर खाली पाण्याचा झरा दिसतो आणि खडकात नाहीसा होतो. आत दमट उकाडा असतो, म्हणून हवा खेळती ठेवण्याची सोय केलेली आहे. तरी दम्याचा त्रास असलेल्यांनी विचार करूनच उतरावं.

या गुहेची नोंद १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. बेळगावकरांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं, कारण दक्षिण महाराष्ट्र म्हणजे बेळगाव-धारवाडच्या प्रदेशाच्या भूशास्त्रावरचा १८७६ चा ग्रंथ याच गृहस्थाचा. पुढं जवळजवळ शंभर वर्षं बेलमकडे कोणी लक्ष दिलं नाही. १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबावर या जर्मन गुहाशोधकाच्या गटानं तिचा पद्धतशीर शोध घेतला. तरीही नंतर काही काळ आसपासचा कचरा याच खड्ड्यात पडत होता. स्थानिकांनी पाठपुरावा केला, पर्यटन महामंडळानं जागा ताब्यात घेऊन साफ केली, वाटा बांधल्या आणि २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

फूट यांचं दुसरं महत्त्वाचं काम बेतमचेर्लाजवळच्या बिल्लसुरगम गुहांमधलं. त्या न्यूबोल्ड या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ मध्ये उजेडात आणल्या होत्या. छत कोसळल्यामुळे घळीसारख्या झालेल्या या गुहांत फूट आणि त्यांच्या मुलानं खोदकाम केलं, तेव्हा प्राचीन प्राण्यांची हाडं मिळाली. त्यात गेंडाही होता. आजच्या काटेरी, रखरखीत माळावर उभं राहून गेंड्याची कल्पना करून पाहावी. हवामान किती बदललं हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

पाणी कुठं आहे?

चुनखडकाच्या मुलखात पाऊस पडला तरी वर पाणी टिकत नाही. ते फटींतून खाली जातं आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. त्यामुळे वस्ती आणि देवस्थान शोधायचं तर झरा शोधावा.

बनगानपल्लेजवळचं यागंटी घ्या. उमामहेश्वराचं विजयनगरकालीन देऊळ डोंगराच्या कुशीत आहे आणि त्याची पुष्करिणी डोंगरातून येणाऱ्या झऱ्यानं बारा महिने भरलेली असते. वरच्या गुहांत अगस्त्यांनी तप केलं अशी कथा आहे. इथला नंदी वाढतो आणि इथं कावळा येत नाही, असंही सांगतात. तेलुगू मुलखात कालज्ञानासाठी प्रसिद्ध असलेले वीरब्रह्मेंद्र स्वामी याच परिसरातल्या गुहेत राहिले अशी श्रद्धा आहे. नंदीचं काय ते भाविकांनी ठरवावं. पण देऊळ नेमकं इथंच का, याचं उत्तर त्या पुष्करिणीत आहे.

ताडपत्रीचं बुग्ग रामलिंगेश्वराचं देऊळही असंच. तेलुगूत बुग्ग म्हणजे झरा. पेन्ना नदीकाठच्या या देवळात पिंडीपाशीच झऱ्याचं पाणी येतं. गोपुरांवरचं विजयनगर काळातलं कोरीवकाम पाहायला तासभर तरी हवा.

गावात काय पाहावं

कडप्प्याला इथं नापरायी म्हणतात. हा दगड थरांच्या रेषेत पाटीसारखा फुटतो, कारण गाळ साठतानाच पातळ पातळ थर पडले. करवत न लावताही फरशी निघते. त्यामुळे इथल्या जुन्या घरांना भिंती फरशीच्या, छत फरशीचं, आणि शेताच्या बांधावर उभ्या फरश्यांचं कुंपण. लाकूड कमी आणि दगड पायाखाली, म्हणून ही बांधणी. इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर फरशी वाकण्याला कच्ची असते, म्हणून छताचे गाळे अरुंद ठेवावे लागतात. अशा घराच्या खोल्या किती रुंद करायच्या हे दगडच ठरवतो. नव्या स्लॅबच्या घरांमुळे ही जुनी घरं वेगानं जात आहेत. ओसरीवर परवानगी मागून बसलात तर ज्वारीची भाकरी समोर येईल, तिला इथं जोन्न रोट्टे म्हणतात.

कोइलकुंट्लातून जाताना उय्यालवाडा नरसिंह रेड्डींची आठवण ठेवावी. १८०० मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांना दिला, आणि १८४६ मध्ये, सत्तावनच्या अकरा वर्षं आधी, त्यांनी इथं कंपनीविरुद्ध बंड केलं. १८४७ मध्ये कोइलकुंट्लातच त्यांना फाशी दिलं.

आता मुद्द्याचं

बनगानपल्लेजवळ ज्वालापुरम नावाचं गाव आहे. इथल्या खोऱ्यात मातीखाली पांढऱ्या राखेचा जाड थर सापडतो. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी स्फोट झाला, त्याची ही राख. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरिसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या गटाला या थराच्या खालीही आणि वरही दगडी हत्यारं मिळाली. एवढ्या उत्पातानंतरही इथं माणूस होता का, या जगभर चाललेल्या वादातला हा मोठा पुरावा आहे. आणि हीच राख खणून भांडी घासायच्या पावडरीसाठी विकली जात होती.

चुनखडकाचंही तेच. फरशीच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, आणि त्यावर हजारो घरं चालतात. खाणी बंद करा असं म्हणणं सोपं आहे, पण आपल्याच ओट्याखाली तोच दगड असताना ते शोभत नाही. प्रश्न कुठली टेकडी खणायची आणि कुठली ठेवायची हा आहे. फरशी दुसऱ्या खाणीतून मिळते. गेंड्याची हाडं असलेली गुहा किंवा राखेचा थर एकदा गेला की गेला. आधी नोंद, मग खाण, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ वाचेल. बेलमचा कचऱ्याचा खड्डा वाचला तो लोकांनी मागणी लावून धरली म्हणून.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, उन्हाळ्यात जाऊच नये. पहिला दिवस कर्नूलमार्गे बेतमचेर्ला, बनगानपल्ले आणि यागंटी, दुसरा बेलम आणि ताडपत्री. रेल्वेनं यायचं तर ताडपत्री मुंबई-चेन्नई मार्गावर आहे. माथ्यावर पाणी मिळेल हे गृहीत धरू नका, सोबत न्या. बिल्लसुरगमला गावातला वाटाड्या घ्या, वटवाघळांवर उजेड मारू नका. लोंबत्या खांबांना हात लावू नका, हाताच्या तेलकटपणानं त्यांची वाढ थांबते. आणि सापडलेला दगड, कितीही मोह झाला तरी, जागेवर राहू द्या. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि मंडळाकडे पाठवा.