ताप, उष्माघात आणि विंचूदंश : मेंदूच्या तापनियंत्रणाची ओळख

पावसाळा सुरू झाला की तापाने फणफणलेल्या मुलाला गोधडीत गुंडाळून घेऊन येणारे पालक आमच्या बाह्यरुग्ण विभागात हमखास दिसतात. त्यामागे माया असते, पण तापाचे स्वरूप ठाऊक असेल तर तीच माया अधिक उपयोगी पडेल. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा, बदामाहून फारसा मोठा नसलेला भाग असतो. रक्ताचे तापमान आणि त्वचेकडून येणारे संदेश तो सतत पडताळून पाहतो व शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या (९८.६ अंश फॅरनहाइट) आसपास राखतो. उष्णता वाढली की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घाम सुटतो. थंडी वाढली की त्या आकुंचन पावतात आणि स्नायू थरथरू लागतात.

ताप : मेंदूनेच दिलेला हुकूम

जंतूंचा शिरकाव झाला की संरक्षक पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होते आणि तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. समजा, ती ३९ अंशांवर गेली, तर ३७ अंशांचे शरीर मेंदूला थंड वाटू लागते. अंग गरम असूनही हुडहुडी भरते ती यामुळेच. पॅरासिटामॉल हे द्रव्य तयार होण्यास अटकाव करते, पातळी पुन्हा खाली येते आणि घाम येऊन ताप उतरतो.

म्हणून हुडहुडी भरलेली असताना हलके पांघरूण चालते, ती थांबल्यावर मात्र ते काढावे. अंग पुसायचे झाल्यास कोमट पाण्याने पुसावे. बर्फाच्या पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि थरथर वाढते. ताप हा मूळ रोग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिस आढळतो, डेंग्यू आणि हिवतापही असतात. गोळीने ताप उतरला म्हणून तपासणी लांबवू नये. डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन अथवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्राव वाढण्याची भीती असते.

उष्माघात : हुकूम अपुरा पडतो

उष्माघातात ठरलेली पातळी बदललेली नसते. शरीर थंड करण्याचा मेंदूचा प्रयत्नच हरलेला असतो. घाम वाळतो तेव्हा तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर हवा दमट असल्याने घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तो परिसरही किनाऱ्यालगतचाच. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन बरळणे, झोके जाणे किंवा शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसली, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. रुग्णाला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णालयाची वाट धरावी.

विंचूदंश : हुकूमाविना उठलेले वादळ

संकटाच्या वेळीही हायपोथॅलॅमसच सूत्रे हलवतो. त्याच्या आज्ञेने मज्जातंतू चेतवले जातात आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे हात गार पडतात, छाती धडधडते, ती यामुळेच. धोका टळला की ही यंत्रणा शांत होते.

लाल विंचवाचे विष मात्र मेंदूच्या आज्ञेवाचून याच मज्जातंतूंना चेतवते. उलट्या, दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही त्याची पूर्वलक्षणे होत. पुढे रक्तदाब वाढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साठते. रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांचा बारकाईने अभ्यास केला. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना दिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिनमुळे हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. विंचूप्रतिविष जोडीला दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ मधील अभ्यासाने दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

दंशाच्या जागी वेदना किती, यावरून धोका ठरत नाही. घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसताच मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णाला रुग्णालयात आणावे. चिऱ्यांच्या गडग्यात, कौलांखाली वा लाकडांच्या राशीत हात घालताना सावध राहावे, बालकांची विशेष काळजी घ्यावी.

तिन्ही प्रसंगांत अंगाला घाम येऊ शकतो, तरी कारण वेगळे असल्याने उपचारही वेगळे. ते कारण वेळेवर ओळखण्यासाठी थर्मामीटर, रक्ततपासणी, साधी औषधे आणि रात्री जागे असणारे डॉक्टर व परिचारिका लागतात. देणगीदारांच्या पाठबळातून उभे राहते ते हेच. त्याचा लाभ वेळेत घेणे मात्र कुटुंबाच्या हाती आहे. आमचे दार त्यासाठी अहोरात्र उघडे आहे.