सागाची जाळी झालेली पाने

गणपती होऊन गेले आणि पाऊस उघडीप देऊ लागला की मावळातली आणि बोरघाटाखालच्या खोपोली-कर्जतकडच्या उतारांवरची सागाची झाडे करपल्यासारखी तांबूस दिसू लागतात. भोवतीचे रान अजून हिरवेगार असते, त्यामुळे हा रंग जास्तच डोळ्यांत भरतो. मग झाडांना रोग पडला, जंगल मरायला टेकले, फवारणी करा, अशी बोलणी सुरू होतात. अशा झाडाचे एखादे पान उजेडासमोर धरून पाहावे. बारीकातली बारीक शीरसुद्धा शाबूत असते, शिरांमधला हिरवा गर तेवढा गेलेला असतो आणि सुपाएवढ्या पानाची नुसती जाळी उरलेली असते. पानावर विरळ रेशमी धागे ताणलेले असतात आणि त्यांच्या आडोशाला एखादी हिरवट अळी बसलेली सापडते. युटेक्टोना मॅकेरॅलिस या लहानशा पिवळसर पतंगाची ही अळी. इतके भकास दिसणारे झाड मरणार असे वाटणे साहजिक आहे, पण ते मरत नाही. अळीने किती पाने खाल्ली एवढ्यावर झाडाचे भवितव्य ठरत नाही. ते झाड कोणत्या जातीचे आहे, वाढीच्या कोणत्या काळात पाने गेली आणि असे लागोपाठ किती वेळा घडले, हे आधी पाहावे लागते. मावळातल्या सागाला या कसोट्या लावल्या तर आपली काळजी चुकीच्या महिन्यात जागी होते, असे माझे ठाम मत आहे.

पाने खाणाऱ्या अळ्यांची दहशत जगात पसरली ती मुख्यतः थंड प्रदेशांतल्या सूचिपर्णी जंगलांमुळे, आणि तिथे ती खरीच आहे. कॅनडाच्या पूर्व भागात फर आणि स्प्रूसची कोवळी पालवी खाणाऱ्या बडवर्म नावाच्या अळीने १९७० च्या दशकात पाच कोटी हेक्टरांहून अधिक जंगल ग्रासले होते. तिथला बाल्सम फर सलग चार-पाच वर्षे ओरबाडला गेला की मरू लागतो. याचे कारण त्या झाडाच्या घडणीत आहे. सूचिपर्णी वृक्ष आपली सुईसारखी पाने दरवर्षी टाकत नाही, ती कित्येक वर्षे वापरतो, आणि पुढच्या वाढीसाठी लागणाऱ्या अन्नाचा मोठा साठा त्या जुन्या पानांतच ठेवतो. पाने गेली की कारखाना जातो आणि कोठारही जाते. अमेरिकेच्या ईशान्य भागात याचा फार बोलका पुरावा मिळतो. तिथे युरोपातून आलेल्या एकाच जातीच्या अळ्या ओक आणि हेमलॉक ही दोन्ही झाडे खातात. ओक त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतो, तर सूचिपर्णी हेमलॉक एकदा पुरता बोडका झाला की बहुधा वाळूनच जातो. आपल्याकडे हिमालयात देवदाराच्या सुया खाणारी एक्ट्रोपिस देवदारी ही अळी आहे आणि तिची साथ आली की तिथल्या वनाधिकाऱ्यांनी धास्तावणे योग्यच आहे. उत्तर सह्याद्रीत मात्र मूळचा सूचिपर्णी वृक्ष एकही नाही. लोणावळ्याच्या बंगल्यांतले ‘ख्रिसमस ट्री’ हौसेने लावलेले आहेत, आणि ज्याची पाने सुईसारखी दिसतात तो सुरू तर फुलझाडांच्या कुळातला आहे.

साग हा पानगळीचा वृक्ष. पाने टाकून देणे हा त्याचा वार्षिक नेमच आहे आणि पुढच्या पालवीची तरतूद तो खोडात आणि मुळांत करून ठेवतो. जाळी करणारी अळी येते ती पावसाळा सरताना. तोवर झाडाची त्या वर्षीची वाढ जवळजवळ उरकलेली असते आणि दोन-चार महिन्यांत पान तसेही गळणारच असते. केरळात निलांबूरला, जिथे इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली, तिथे पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेच्या डॉ. के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोवळ्या लागवडीत काही वर्षे मोजमाप केले. काही झाडांना अळ्यांपासून संरक्षण दिले, काहींना दिले नाही. जाळी करणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या वाढीत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. पण त्याच प्रयोगात दुसऱ्या एका अळीने मात्र संभाव्य वाढीतला ४४ टक्के हिस्सा खाल्ला. संरक्षित सागाने वर्षाला हेक्टरी ६.७ घनमीटर लाकूड धरले, तर उघड्या सोडलेल्या सागाने ३.७.

ही दुसरी अळी हायब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची. वळवाच्या सरींनी साग पालवला की ती येते. पान इतके कोवळे असते की बोटांनी चुरगळले तर लाल रंग लागतो, आणि नेमके तेच तिला हवे असते. अळी पानाची कड कापून घडी घालते, ती रेशमाने चिकटवते आणि आत दडून खाते. पुढे मोठ्या शिरा सोडून सगळे फस्त करते. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरे होते, म्हणून टोळधाड पडावी तशी ती अचानक दिसते आणि तशीच नाहीशी होते. झाड यातूनही मरत नाही, ते पुन्हा पालवते. पण ती नवी पालवी साठवलेल्या अन्नावर येते आणि तेवढे लाकूड कमी भरते. वारंवार असे झाले तर शेंड्याचा कोंब मरून खोडाला फाटे फुटतात. सरळ सोटासाठी लावलेल्या सागात हा दोष कायमचा राहतो. आणि हे सारे जून-जुलैच्या धुक्यापावसात घडते, जेव्हा पर्यटक भुशी धरणावर असतात आणि शेतकरी भाताच्या आवणात गुंतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, बांधावर पन्नास साग लावून वीस-तीस वर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘झाड मरत नाही’ हे सांगून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. त्याचे नुकसान खरे आहे आणि ४४ टक्के हा आकडा लहान नाही. पण म्हणूनच त्याने ऑक्टोबरात जाळीवर औषध मारून पैसे घालवू नयेत. राखायचीच तर झाडाची पहिली काही वर्षे राखावीत, आणि तीही पहिल्या पालवीच्या वेळी. केरळच्या त्याच संस्थेने या अळीला मारणारा विषाणू शोधून त्याची फवारणी यशस्वी करून दाखवली आहे. रोपवाटिकेत आणि लहान लागवडीत असे उपाय जमण्याजोगे आहेत.

रानावर रासायनिक फवारणी करा ही मागणी मात्र मला धोक्याची वाटते. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बडवर्मसाठी विमानातून डीडीटी फवारले गेले आणि १९५४ मध्ये मिरामिशी नदीतली सामन माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही हकीकत सविस्तर आली आहे. केरळातल्या कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून मारलेल्या एंडोसल्फानचे भोग माणसांनी भोगले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. मावळचे डोंगर इंद्रायणी आणि पवनेचे पाणलोट आहेत. पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी मुख्यतः पवना धरणातून येते. या उतारांवर पडलेले विष कुठे उतरेल हे पावसाला शिकवावे लागत नाही. शिवाय अळ्या हे नुसते नुकसान नव्हे. त्यांच्यावर कोतवाल, साळुंक्या आणि इतर कितीतरी पाखरे पोसतात. विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाजाचे लोक टसरच्या अळ्या मुद्दाम ऐनावर सोडतात, एका झाडाची पाने संपली की त्या दुसऱ्या झाडावर नेतात, आणि तरीही ऐन टिकून राहतो.

काहीजण म्हणतात, पालापाचोळा पेटवला की किडीचे बीज जळते. यात थोडे तथ्य आहे. कोरड्या भागात जाळी करणारी अळी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. पण ज्या अळीने वाढीला बाध येत नाही तिच्यासाठी डोंगर पेटवायचा, म्हणजे तिला मारणारे कीटकही जाळायचे, जमिनीवर साचलेले खत जाळायचे आणि सागाची, ऐनाची, किंजळाची कोवळी रोपेही जाळायची. ज्या हायब्लियाने खरे नुकसान होते ती तर फेब्रुवारी-मार्चच्या पाचोळ्यात वाट पाहत बसलेली नसते. तिची कोशावस्था ऐन हंगामातली, आठवडाभराचीच. पानाची जाळी झालेला साग जूनमध्ये पुन्हा पालवतो, पण वणव्यात गेलेले रोप परत येत नाही. म्हणून लोहगड-विसापूरच्या आणि आंदर-नाणे मावळातल्या गावांना, तिथे येणाऱ्या ट्रेकरांना आणि बंगलेवाल्यांना सांगणे एवढेच: ऑक्टोबरातला तांबूस साग पाहून औषधाचा पंप उचलू नका, पहिल्या पालवीच्या दिवसांत कोवळ्या लागवडीत फेरी मारा, आणि उन्हाळ्यात डोंगराला काडी लावणाऱ्याचा हात धरा.